मुंगसा, तोंड दाखव

फेरेटला मराठीत काय म्हणतात ते मला आजही माहीत नाही. मुलगी विनिपेगच्या युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला असताना एका बुटाच्या खोक्यातून ते घरी घेऊन आली. बायकोने झाकण उचलून आत पाहिलं आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर मुंगूस." तिथेच बारसं झालं. मुलीने ठेवलेलं इंग्रजी नाव फक्त प्राण्यांच्या डॉक्टरांच्या फायलीत राहिलं. खरं तर ती मादी, पण मुंगूस शब्द नपुंसकलिंगी, म्हणून घरात ते 'ते'च झालं. मुलीला हे व्याकरण कधी पटलं नाही. तिचं म्हणणं, ज्याला तुम्ही मांडीवर घेता त्याला 'इट' कसं म्हणता?

भंडाऱ्याजवळच्या आमच्या गावात मुंगूस दिसणं शुभ मानत. त्याचं तोंड दिसलं तर फारच शुभ, पण मुंगूस पळतं ते पाठ दाखवून. म्हणून गावातली पोरं शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून ओरडायची, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" शपथ घातली की ते थांबून मागे वळून बघतं, असा सगळ्यांचा अनुभव. आमच्या वस्तीतली पोरंही तसंच ओरडायची. माझे वडील शाळेत शिपाई होते आणि त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली होती. एकदा त्यांनी मला ओरडताना ऐकलं. आता पाठ शेकणार असं मला वाटलं, पण ते शांतपणे म्हणाले, "शपथ घालायची तर आपण पाहिलेल्या माणसाची घालावी. रामाला पाहिलंस तू?" मी नाही म्हणून मान हलवली. "आणि आईला?" त्या दिवसापासून मी मुंगसाला आईची शपथ घालू लागलो. मुंगूस दोन्ही शपथांना सारखंच वळून बघायचं, हे मात्र मी वडिलांना कधी सांगितलं नाही.

विनिपेगमधलं हे मुंगूस मोजे चोरून सोफ्याखाली घुसायचं आणि तासन्‌तास बाहेर यायचं नाही. मी बायकोला नि मुलीला ती जुनी शपथ शिकवली. मग आम्ही तिघं कार्पेटवर पोटावर झोपून सोफ्याखाली तोंडं घालायचो आणि एका सुरात आईची शपथ घालायचो. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती इंग्रजीतून देते; इथे तिचं बहुतेक बोलणं मीच मराठीत लिहितोय. पूर्ण मराठीत ती आयुष्यात जी दहा-बारा वाक्यं बोलली असेल, त्यातलं हे एक. बाहेर भिंतीएवढा बर्फ साचलेला असायचा आणि आत आम्ही तीन शहाणी माणसं सोफ्याशी बोलत असायचो.

पुढे मुलीला ओटावाच्या कनाटा उपनगरात नोकरी लागली. तिथल्या तिच्या कॉन्डोत प्राणी चालत नव्हते. दोन महिने ठेवा, मी दुसरी जागा बघते, असं सांगून ती गेली, त्याला आता पाच वर्षं होतील. मुंगूस बेसमेंटमधून वर आलं, बायकोच्या जुन्या स्वेटरवर झोपू लागलं. त्याच्या अंगाला एक उग्र वास असतो. पहिले सहा महिने मी त्या वासावरून कटकट केली. नंतर पाहुण्यांनी नाक मुरडलं की मलाच राग यायला लागला.

तीन वर्षांपूर्वी बायको गेली. त्याबद्दल मी इथे फार लिहिणार नाही, लिहिता येत नाही. एवढंच सांगतो की आमच्या घरातला फोन तिचा होता. नंबर माझ्या नावावर, पण बोलणं तिचं. मायलेकी तास तास बोलायच्या आणि शेवटी ती फोन माझ्या हातात द्यायची, "घ्या, बोला लेकीशी." मी विचारायचो, "बरी आहेस ना? विंटर टायर लावलेस का?" एकदा हे मी जुलैत विचारलं होतं. बायको गेल्यावर फोन सरळ माझ्या हातात आला आणि टायरांपलीकडे मला काही सुचेना. मुलगी आठवड्याने फोन करायची, मग पंधरा दिवसांनी. दोन मिनिटांत आमचं दोघांचंही बोलणं संपायचं. ती माझ्यावर रागावलेली नव्हती. आम्हाला एकमेकांशी बोलायची सवयच नव्हती. फोन ठेवल्यावर मी मुंगसाला पिंजऱ्यातून बाहेर काढायचो आणि त्याच्याशी मात्र भरपूर बोलायचो. माणसाने लाज तरी किती बाळगायची.

मागच्या ऑक्टोबरमध्ये मुंगसाने मोजे चोरणं बंद केलं. आधी मला बरंच वाटलं, म्हातारपणी शहाणपण आलं म्हणायचं. मग एक दिवस जिना चढताना त्याचे मागचे पाय घसरले. उचललं तर नाकाचा शेंडा, जो कायम गुलाबी असायचा, तांदळाच्या पिठासारखा पांढरा. हिरडी बोटाने दाबून सोडली. रंग परत यायला जितका वेळ लागला, तेवढ्यात मला सगळं कळलं. एकतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत टेक्नॉलॉजिस्ट होतो. रक्त नसलेलं अंग मला लांबूनही ओळखू येतं.

गाडीचा हीटर तापेपर्यंत मी त्याला बायकोच्या शालीत गुंडाळून जाकिटाच्या आत धरून बसलो. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी तपासून सांगितलं की मूत्रपिंडं दमली आहेत, आणि हाडांना रक्त बनवायचा निरोप मूत्रपिंडांकडूनच जातो. तो निरोप जायचा थांबलाय. बरं होणारं दुखणं नाही, पण काही महिने सांभाळता येईल. रोज कातडीखाली सलाईन, आठवड्याला एक इंजेक्शन, मऊ खाणं आणि रोज वजन. मी त्यांना विचारलं की रक्ताची नळी मला बघता येईल का. त्या जरा चमकल्या, पण दाखवली. केसासारखी बारीक काचेची नळी, एका टोकाला मातीने बुजवलेली, यंत्रात गरगर फिरवून आणलेली. खाली लाल, वर पिवळसर पाणी. अशा हजारो नळ्या मी वाचल्या होत्या. निम्म्याहून जास्त नळी लाल असायला हवी होती. ती पाव होती.

त्या संध्याकाळी मी स्वतःहून मुलीला फोन लावला. असं मी आधी कधी केलं नव्हतं, त्यामुळे तिने हॅलोच्या ऐवजी "बाबा, काय झालं?" असंच विचारलं. सांगितल्यावर ती खूप रडली. मग नाक पुसून म्हणाली की रोज अपडेट द्या, वजन, खाणं, हिरड्यांचा रंग, मी शीट बनवते. दुसऱ्या दिवशी माझ्या घड्याळात पाच आणि तिच्या सहा वाजता व्हिडिओ कॉल आला. तिसऱ्या दिवशीही आला. त्यानंतर चार महिने तो रोज आला.

मी फोनचा मागचा कॅमेरा सुरू करून मुंगसावर धरायचो. मुलीला तेच बघायचं होतं. माझा आवाज तेवढा मागून. स्वयंपाकघरातल्या काट्यावर, पोळ्यांच्या डब्यात टॉवेल घालून त्याला बसवायचं आणि आकडा वाचायचा. सातशे चाळीस. सातशे बत्तीस. सातशे पस्तीस. ती आकडे भरून घ्यायची. एकदा ओळीने दोन दिवस सातशे वीसच आलं, तर तिला आनंद झाला, स्टेबल आहे म्हणाली. मी तिला लॅबमधला नियम सांगितला: सलग तीन दिवस तंतोतंत एकच आकडा आला तर पेशंट स्थिर आहे असं समजू नये, मशीन बंद पडलं असं समजावं. जिवंत अंगात रोज काहीतरी हलतंच. ती हसली. बायको गेल्यानंतर माझ्या बोलण्यावर ती हसल्याचं मला तेवढं एकच आठवतं. मी तो फोन ठेवल्यावरही बराच वेळ स्वयंपाकघरात उभा होतो.

कामं अंगवळणी पडली. सलाईनची पिशवी कोमट पाण्यात ठेवायची, मानेमागची कातडी चिमटीत धरून सुई घालायची, तोवर त्याच्या नाकाला चिकनचं बोट लावायचं. आम्ही भंडारा-नागपूरकडची माणसं, चिकन म्हणजे डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. आणि मी बिनमिठाचं, बिनमसाल्याचं चिकन उकडून मिक्सरमधून काढून चमच्याने भरवत होतो. इथल्या मराठी असोसिएशनमधल्या दोघातिघांना कळलं, तर फोनवरून सल्ले सुरू झाले. बीट द्या. खजूर द्या. एका रिटायर्ड इंजिनीअरच्या मिसेसनी अळिवाची खीर सांगितली. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातं. तरी एक दिवस मी बीट किसून दिलंच. मुंगसाने वास घेतला, वाटी पालथी केली आणि जाऊन बायकोच्या स्वेटरवर झोपलं. स्वेटरवरचा तो लाल डाग मी धुतलेला नाही.

जानेवारीत नळीतलं लाल आणखी खाली गेलं. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या फेरेटचं रक्त देऊन बघता येईल. माझ्या तोंडून सवयीने निघालं, क्रॉसमॅच कुठे करता? त्या हसल्या. म्हणाल्या, यांच्यात रक्तगटच सापडलेले नाहीत, कुणाचंही कुणाला चालतं. मी एकतीस वर्षं कुणाचं कुणाला चालत नाही हेच तपासत आलो होतो. त्याआधीची वीस वर्षं गावात तेच ऐकत आलो होतो, तिथे तर पाणीसुद्धा चालत नव्हतं. मला तिथल्या खुर्चीत बसून एकट्यालाच हसू आलं. हे सांगायला वडील हवे होते, बायको हवी होती. डॉक्टरांना सांगायचं तर कुठून सुरुवात करणार.

चार फेरेट पाळणारी एक बाई आपला दांडगा नर घेऊन आली, त्याच्या मानेतून दोन छोट्या सिरिंज भरून रक्त काढलं, आणि ते हळूहळू आमच्या मुंगसाला गेलं. तिसऱ्या दिवशी नाक गुलाबी झालं. आठव्या दिवशी माझा मोजा गेला. मी एका पायात मोजा घालून घरभर फिरलो आणि मुलीला तेही दाखवलं. म्हणजे पाय दाखवला. तोंड मी तिला दाखवत नव्हतोच. दाढी वाढलेली, गाल बसलेले, मुंगसासाठी चिकन शिजायचं तेव्हा माझ्यासाठी बहुतेक वेळा ब्रेड. हे बघून तिला काय मिळणार होतं?

ते तीन आठवडे टिकलं. मग वजन रोज उतरायला लागलं. सहाशे सत्तर, सहाशे छप्पन्न, सहाशे चाळीस. नाक पुन्हा पांढरं. मुलगी म्हणाली, "बाबा, वेळ आली की मला सांगा. प्रॉमिस? मी फ्लाइट घेऊन येईन. नाहीच जमलं तर व्हिडिओवर तरी असेन." मी प्रॉमिस म्हणालो.

डॉक्टरांनी सांगितलं की पुन्हा रक्त देता येईल, पण फार तर दहा-बारा दिवस मिळतील आणि त्यातले चांगले किती ते सांगता येणार नाही. मी लगेच म्हणालो, देऊ या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आज घरी जा, त्याच्याबरोबर बसा, उद्या सांगा.

मी बसलो. दुपारभर मुंगूस स्वेटरवर पडून होतं. पाण्याची वाटी वीतभर लांब होती. ते उठलं, दोन पावलं टाकली, आडवं झालं, आणि वाटीकडे बघत राहिलं. मी वाटी जवळ सरकवली तर मान उचलवेना. बोटाने ओठ ओले केले. तेवढ्यात मी घड्याळात पाहिलं. पाच वाजायला किती वेळ आहे ते बघत होतो. फोन येईपर्यंत याने जरा उठून बसावं, असं माझ्या मनात आलं होतं.

तेव्हा मला माझीच शिसारी आली. दहा-बारा दिवस मला कुणासाठी हवे होते ते मला स्वच्छ दिसलं. हे मुंगूस गेलं की पाचचा फोन जाणार होता. पुन्हा पंधरा दिवसांनी विंटर टायर. त्या मुक्या जिवाला मी सुया टोचून टोचून माझ्या फोनसाठी जागं ठेवत होतो. सगळे दिवस तसे नव्हते, बरेच दिवस त्याच्यासाठीच होते. पण हे शेवटचे दिवस माझ्यासाठी होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला शालीत घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं की मुलीला फोन लावायचाय का. मी म्हणालो, ती कामावर असेल. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. फोन खिशातच होता. मी लावला असता तर ती सगळं सोडून पडद्यावर आली असती, रडली असती, थँक यू बाबा म्हणाली असती, आणि तो शेवटचा फोन ठरला असता. मला ती भीती वाटत होती. शेवटचं इंजेक्शन दिल्यावर मुंगूस माझ्या तळहातावर गेलं. जाताना त्याचं तोंड शालीच्या घडीत होतं, मला दिसलं नाही.

त्या दिवशी पाच वाजता फोन वाजला. मी कॅमेरा सोफ्यावर धरला आणि म्हणालो, खाली जाऊन झोपलंय, उठवत नाही. वजन? मी त्या सकाळी डॉक्टरांच्या काट्यावर आलेलं सांगितलं, सहाशे बारा. खाल्लं का? दोन चमचे. माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता. एकतीस वर्षांत मी एकही रिपोर्ट खोटा लिहिला नव्हता. मग कळलं की तो लिहायला काहीच कष्ट पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सहाशे बारा. तिने ऑफिसमधली काहीतरी गंमत सांगितली, मी ती ऐकलीही. तिसऱ्या दिवशी सहाशे बारा. दुसरा आकडा बनवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मेलेल्याचं वजन कमी करायला माझी जीभ वळत नव्हती बहुतेक.

त्या तीन दिवसांत मी पिंजरा आवरला नाही. सलाईनच्या उरलेल्या पिशव्या तशाच ओळीने होत्या. सकाळी उठून मी चिकन उकडायला ठेवलं आणि पाणी उकळल्यावर आठवलं.

चौथ्या दिवशी पाच वाजता फोन आला. मी कॅमेरा सोफ्यावर धरला.

"वजन?"

"सहाशे बारा."

ती लिहिते आहे असा आवाज आला नाही. "चार दिवस सेम नंबर, बाबा," ती म्हणाली.

मी म्हणालो, हलत नाही ना फारसं, पडूनच असतं, म्हणून असेल. आमच्या दोन मिनिटांच्या फोनांतली ती जुनी शांतता पुन्हा आली. आता ती ओके, टेक केअर म्हणेल, म्हणून मी वाट पाहत उभा होतो.

मग तिने घसा साफ केला आणि अडखळत, 'ख' आणि 'थ' नीट न येणाऱ्या तिच्या मराठीत म्हणाली, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव. तुला आईची शपथ."

मी गुडघे टेकून वाकलो आणि सोफ्याखाली पाहिलं. इतक्या वर्षांची सवय. तिथे माझे दोन मोजे होते आणि धूळ होती.

"सोफ्याखाली नाही, बाबा," ती पुन्हा मराठीतच म्हणाली. "मी तुला म्हणतेय."

बायकोने तिला लहानपणापासून शिकवलं होतं, बाबांना तुम्ही म्हणायचं. ती मला आयुष्यात कधी तू म्हणाली नव्हती. वडिलांचं म्हणणं होतं की शपथ आपण पाहिलेल्या माणसाची घालावी, आणि हिची आई आम्ही दोघांनी पाहिली होती. मी कार्पेटवर तसाच बसलो, दाढीवरून एकदा हात फिरवला, आणि फोन माझ्याकडे वळवला.